मराठी ख्रिस्ती भजन आणि मंडळीचें नवजीवन

मिरजेहून पंढरपुराकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत कवठे महांकाळ हें गांव लागतें. आज तें सांगली जिल्ह्यांतील एका तालुक्याचें मुख्य ठिकाण आहे. हा जिल्हा इ. स. १९४९ मध्यें 'दक्षिण सातारा' या नांवानें साताऱ्यापासून निराळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. १९२७ मध्यें बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग पंढरपुरापासून मिरजेपर्यंत वाढविण्यांत आला, तो याच गांवावरून जातो; आज तो रुंद झाला आहे. या मार्गाच्या एका टोंकास विठोबाच्या नामघोषाचें पंढरपूर आहे. दुसऱ्या टोंकास मिरज आहे. तेथें तंबोरे व सतारी करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, आणि तेथेंच १८९४ मध्यें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांचें रुग्णालय उघडलें. या दोहोंच्या मध्यें अग्रणी नदीच्या कांठचा हा पर्जन्यछायेंतील मुलूख पसरला आहे.

या मुलखांतील माणसाच्या कानावर टाळमृदंगाचा नाद लहानपणापासून पडलेला असतो. एकादशीचें भजन, वारीस निघालेल्या दिंड्या, देवळांतील कीर्तन हीं त्यास शिकवावीं लागत नाहींत. अशा माणसानें धर्म बदलला, तर त्याचें गाणेंहि बदलतें काय? कीं धर्म नवा आणि चाल जुनी, असा कांहीं मेळ बसतो? हा प्रश्न वरवर पाहतां संगीताचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाच्या अंतरंगाचा इतिहास हातीं येतो. एकत्र जमून आनंदानें केलेली देवाची स्तुति हीच मंडळीच्या नवजीवनासाठीं केलेली प्रार्थना होय, असें त्या समाजांत मानतात. हें मानणें कशावर आधारलेलें आहे, मराठी भाषेंत तें कोणत्या रूपानें उतरलें, आणि त्याचीं साधनें जमविणारांनीं काय पाहावें, याचा विचार पुढें केला आहे.

१. स्तुति आणि याचना

ख्रिस्ती स्तुतीचा उगम यहुदी लोकांच्या स्तोत्रसंहितेंत आहे. या संहितेंत दीडशें स्तोत्रें असून त्यांतील पुष्कळ स्तोत्रें विलापाचीं आहेत. कोणी शत्रूंनीं गांजलेला आहे, कोणी आजारी आहे, कोणी आपल्या पापानें खचलेला आहे. तरी हिब्रू भाषेंत या सर्व ग्रंथास 'तेहिल्लीम' म्हणजे 'स्तुतिगीतें' असें नांव आहे. ज्यांनीं हें नांव दिलें त्यांच्या मतें रडणें हेंहि स्तुतीच्या पोटांतच येत होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या संहितेंतून जगभर गेलेला शब्द 'हालेलूया' हा होय. त्याची फोड केली असतां 'हालेलू' हें अनेकवचनी आज्ञार्थी रूप आणि 'याह' हें देवाच्या नांवाचें संक्षिप्त रूप निघतें. 'तुम्ही सर्वजण याहची स्तुति करा' असा त्याचा अर्थ. म्हणजे स्तुति करणारा या शब्दानें देवास हांक मारीत नाहीं. तो आपल्या शेजाऱ्यास हांक मारतो. एकट्यानें उच्चारला तरी हा शब्द दुसऱ्यास बोलावितो. मराठी अभंगांत 'या', 'गा', 'म्हणा', 'नाचा' अशीं आज्ञार्थी रूपें पदोपदीं येतात, त्यांचा परिचय असलेल्या वाचकास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

आतां नवजीवनाविषयीं. या विषयाचें बीज पंचाऐंशीव्या स्तोत्रांत सांपडतें. त्या स्तोत्राचे तीन भाग स्पष्ट पडतात. पहिल्या भागांत, देवानें पूर्वीं आपल्या लोकांस बंदिवासांतून कसें परत आणिलें, याचें स्मरण आहे. दुसऱ्या भागांत, आम्हांस पुन्हा जिवंत कर, म्हणजे तुझे लोक तुझ्या ठायीं आनंद करतील, अशी याचना आहे. तिसऱ्या भागांत गाणारा थांबतो व देव काय म्हणतो तें ऐकतो. मग दया व सत्य यांची भेट आणि भूमीस आलेलें पीक यांचें वर्णन येतें. स्मरण, याचना आणि श्रवण असा हा क्रम आहे. यांत स्तुति ही याचनेच्या आधीं देवास द्यावयाची लांच नाहीं, आणि मागणें पुरें झाल्यावर फेडावयाचा नवसहि नाहीं. मागितलें आहे तें मुळीं आनंद करण्याचें सामर्थ्य. तें मागतांना लोक एकत्र गातात; म्हणजे जें मिळावयाचें आहे त्याचा आरंभ मागण्याच्या कृतींतच होतो. ख्रिस्ती उपासनेंत आनंदगायनास प्रार्थनेचें स्थान आहे तें या अर्थानें.

येथें 'मंडळी' या शब्दाकडेहि लक्ष द्यावें. चर्च या अर्थीं मराठी ख्रिस्ती ग्रंथांत हा शब्द रूढ झाला. चर्च म्हणजे इमारत असा समज इतरत्र सहज होतो. मराठींत 'मंडळी' म्हटल्यावर माणसेंच डोळ्यांपुढें येतात, आणि भजनी मंडळी हा शब्दप्रयोग तर आपल्या कानांत आधींपासून होता. शब्द निवडणारांनीं जाणूनबुजून तसें केलें असो वा नसो, या शब्दामुळें उपासना म्हणजे अनेकांनीं मिळून करावयाची गोष्ट ही कल्पना भाषेंतच वसली.

२. गोमंतकांतील जुना दाखला

मराठींतील ख्रिस्ती गायनाचा सर्वांत मोठा जुना दाखला गोमंतकांतला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट पाद्री इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला व १६१९ मध्यें तेथेंच वारला. त्याचें ओंवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें प्रथम छापलें गेलें. ग्रंथ सुमारें अकरा हजार ओंव्यांचा असून त्याचे 'पैलें पुराण' व 'दुसरें पुराण' असे दोन भाग आहेत. ग्रंथाच्या आरंभींच कर्त्यानें एका ब्राह्मण श्रोत्याच्या तोंडीं अशी तक्रार घातली आहे कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? ही तक्रार धर्मतत्त्वाची नाहीं. प्रश्नोत्तरांचें पुस्तक त्या लोकांपाशीं होतें. नव्हतें तें चार माणसांनीं एकत्र बसून म्हणावें व ऐकावें असें कांहीं. पुराण बंद झाल्यानें जी पोकळी पडली ती पुराणानेंच भरून निघाली, आणि ओंवी हा छंद ख्रिस्ती झाला.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या ग्रंथाची पुढील हकीकत विशेष बोधप्रद वाटेल. १६१६ नंतर १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या छापल्या गेल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. पुढें पुराण राहिलें तें हातांनीं नकललेल्या प्रतींतून. गोवें सोडून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या कुटुंबांनीं त्या प्रती जपल्या, कारण त्या त्यांच्या वाचनांत व गायनांत होत्या. अशाच रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून १९०७ मध्यें सालढाणा यांनीं मंगळूर येथें नवी आवृत्ति काढली. पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे जस्टिन ॲबट यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. हेच ॲबट मराठी संतकवींच्या चरित्रांचे व काव्यांचे इंग्रजी अनुवादक होत. तात्पर्य असें कीं, छापखान्यानें जें शेंकड्यांनीं काढलें तें नाहींसें झालें. आणि जें लोकांच्या तोंडीं राहिलें, म्हणून घरोघर नकललें गेलें, तें टिकलें. सामुदायिक गायन हें येथें ग्रंथरक्षणाचें साधन ठरलें.

३. इंग्रजी गीत आणि मराठी भजन

गोव्याची परंपरा देशावर आली नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्यें मुंबईस आले आणि १८३१ मध्यें त्यांनीं अहमदनगर येथें ठाणें घातलें. कोल्हापुरास रॉयल वाइल्डर १८५२ मध्यें आले. त्यांच्या मागून त्या बाजूचें काम पुढें सांगली व मिरज येथपर्यंत पसरलें. या मिशनऱ्यांची सामुदायिक स्तुतीची कल्पना प्रॉटेस्टंट पद्धतीची होती. सर्वांनीं उभें राहून, हातांत पुस्तक धरून, ठराविक चालीवर सबंध गीत म्हणावयाचें. त्यासाठीं इंग्रजी गीतांचीं मराठी भाषांतरें झालीं व तीं इंग्रजी चालींवर म्हटलीं जाऊं लागलीं.

या पद्धतीस दोन अडचणी होत्या. पहिली छंदाची. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर चालतें. इंग्रजी चालींत मराठी शब्द बसविला म्हणजे ऱ्हस्व अक्षरावर स्वर लांबतो, दीर्घ अक्षर आंखडतें, आणि अर्थ समजण्यापूर्वींच कान अडखळतो. दुसरी अडचण पुस्तकाची. ज्यास वाचतां येत नाहीं तो अशा गायनांत मुका राहतो. आणि त्या काळीं मंडळींतील खेड्यापाड्यांच्या लोकांपैकीं बहुतेकांस वाचतां येत नव्हतें.

भजनाची रचना याच्या उलट आहे. पुढचा म्हणणारा चरण घालतो. मागचे ध्रुवपद उचलतात. अभंगाच्या मोठ्या प्रकारांत पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असतें. यामुळें ऐकणारास पुढचा शब्द येण्यापूर्वींच त्याची चाहूल लागते. ध्रुवपद दोनदां ऐकलें कीं तिसऱ्यांदां तोंडीं येतें. लेंकरूं, म्हातारी, आज प्रथमच आलेला पाहुणा, यांपैकीं कोणीहि बाहेर राहत नाहीं. सर्वांनीं मिळून स्तुति करावी या आज्ञेचें पालन ज्या रीतीनें खरोखर सर्वांकडून होऊं शकतें, ती रीति या लोकांच्या घरींच होती.

ही गोष्ट अहमदनगरच्या देशी ख्रिस्ती लोकांनीं ओळखली. १८६२ च्या सुमारास तेथें ख्रिस्ती कीर्तनास आरंभ झाला. पूर्वरंगांत एखादें तत्त्व मांडावयाचें, उत्तररंगांत बायबलांतील आख्यान लावावयाचें, आणि मधून मधून पदांनीं व भजनांनीं श्रोत्यांस गायनांत ओढावयाचें, अशी त्याची रीत होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव या कामीं व मराठी ख्रिस्ती पदरचनेंत अग्रभागीं आहे. पुढें १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल समाजांतहि मराठी कीर्तनें होऊं लागलीं. ज्या लोकांच्या पूर्वजांची ती स्तोत्रसंहिता, त्यांनींहि मराठींत देवाचें गुणवर्णन करण्यासाठीं कीर्तनाचाच आश्रय केला. हा योगायोग लहान नाहीं.

या ठिकाणीं एक सामाजिक बाब सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. अहमदनगरच्या भोंवतालच्या खेड्यांतील ख्रिस्ती लोकांत ज्यांस अस्पृश्य म्हणत अशा जातींचे लोक पुष्कळ होते. या लोकांस विठोबाचें भजन परकें नव्हतें. परंतु पंढरपुरास चोखामेळ्याची समाधि महाद्वाराबाहेर आहे, आणि त्याच्या जातीच्या लोकांस देऊळ मोकळें होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. त्यासाठीं त्या वर्षीं साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. दाराबाहेर राहून गाणें ही ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिति, त्यांना तोच टाळ घेऊन उपासनामंदिराच्या आंत बसतां येणें याचा अर्थ कोणत्याहि प्रवचनापेक्षां अधिक लवकर कळला असेल. आंत आल्यावर सर्व भेद एकदम मिटले असें म्हणतां येत नाहीं. जातीची आठवण मंडळींतहि पुष्कळ काळ राहिली. तथापि एका ध्रुवपदांत सर्वांचे आवाज मिसळत, आणि नवजीवन या शब्दास त्या लोकांच्या जीवनांत कांहीं प्रत्यक्ष अर्थ असेल तर त्याचा एक भाग हा होता.

४. केडगांव, १९०५

नवजीवनाची चळवळ या अर्थानें महाराष्ट्रांत जी घटना सर्वांत प्रसिद्ध आहे ती पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्यें १९०५ मध्यें घडली. दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों स्त्रिया व मुली तेथें होत्या. १९०४ मध्यें वेल्स देशांत गायनप्रधान अशी मोठी धार्मिक जागृति झाली होती, आणि १९०५ मध्यें आसामकडील खासी टेंकड्यांतील वेल्श मिशनच्या मंडळ्यांत तिचा प्रतिध्वनि उमटला. या वार्ता केडगांवास पोंचत होत्या. १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठीं मुलींस बोलाविलें. सुमारें ७० जणींपासून आरंभ होऊन ही संख्या पुढें ५५० पर्यंत गेली. जूनच्या अखेरीस, २९ तारखेच्या सुमारास, या प्रार्थनांचें स्वरूप पालटलें. मुली रडूं लागल्या, आपापले अपराध बोलूं लागल्या, आणि सर्वजणी एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. या रडण्यामागून हर्ष आला. टाळ्या, गाणें व स्तुति तासन्‌तास चालली. पुढें त्यांतील मुलींच्या टोळ्या भोंवतालच्या गांवीं जाऊं लागल्या.

पंचाऐंशीव्या स्तोत्राचा जो क्रम वर दिला तो येथें प्रत्यक्ष दिसतो. हर्ष प्रथम आला नाहीं. आधीं स्मरण व पश्चात्ताप, मग मोठ्यानें केलेली याचना, मग आनंद. ज्या कोणास ख्रिस्ती आनंदगायन म्हणजे नुसता उल्हास वाटत असेल, त्यानें हा क्रम पाहावा.

या प्रकारावर टीकाहि पुष्कळ झाली. एवढा गोंगाट उपासनेस शोभत नाहीं, यांत भावनेचा अतिरेक आहे, असें शांत पद्धतीस संवकलेल्या कित्येक मिशनऱ्यांस वाटलें. त्यावर रमाबाईंचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, भारतीय माणसाकडे जागृति यावयाची तर ती त्याच्या स्वभावास व भावनेस जुळेल अशाच रीतीनें यावी. देवानें त्यास तसें घडविलें आहे. संस्कृत पुराणें मुखोद्गत असलेल्या, लहानपणीं आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरलेल्या बाईचें हें मत आहे. मोठ्यानें म्हणणें, अनेकांनीं मिळून म्हणणें, वारंवार म्हणणें हें तिच्या देशांत अशिष्टपणाचें लक्षण नव्हतें.

५. टिळक आणि साताऱ्याचीं वर्षें

अहमदनगरास जें सुरू झालें त्यास काव्याची उंची नारायण वामन टिळक यांनीं दिली. ते १८६१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें जन्मले, १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. आपण तुकारामरूपी पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, असें ते सांगत. त्यांची 'अभंगांजलि', त्यांचीं भजनें, आणि उपासनेच्या मराठी गीतसंग्रहांत आलेलीं त्यांचीं असंख्य पदें पाहिलीं म्हणजे त्यांचा हा शब्द केवळ अलंकार नव्हता असें दिसतें. देवाशीं लाडिकपणें भांडणें, त्याच्यापुढें हट्ट करणें, त्याच्या नांवांतच सुख मानणें, हे तुकारामाच्या भक्तीचे विशेष त्यांच्या रचनेंत ख्रिस्ताकडे वळले.

१९१७ मध्यें टिळकांनीं मिशनची नोकरी सोडिली, संन्यस्त वृत्ति पत्करिली, व ते साताऱ्यास येऊन राहिले. तेथें त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त ज्यांत एकत्र बसतील असा हा मेळा होता, आणि भजन हा त्याचा श्वास होता. टिळकांचें म्हणणें विचारांत घेतलें असतां नवजीवनाचा अर्थ येथें आणखी विस्तारतो. केडगांवीं तें व्यक्तीच्या पश्चात्तापानें आरंभलें. साताऱ्यास तें मंडळीच्या भिंती रुंद करण्याच्या रूपानें मांडलें गेलें. टिळक दोन वर्षांच्या आंतच गेल्यामुळें दरबार फळास आला नाहीं. परंतु त्यांचीं भजनें उरलीं. त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं पुढें चालविलें आणि बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. लग्नाच्या वेळीं अक्षरशत्रु असलेल्या बाईंनीं ओंवीबद्ध पुराण पुरें करावें, ही गोष्ट ओंवी कानानें शिकतां येते याचा उत्तम पुरावा आहे.

६. वहीची परीक्षा

आतां संग्राहकांकडे वळूं. आपल्याकडे जुन्या कागदांच्या शोधांत असलेला मनुष्य मठांत जातो, वाड्यांत जातो, कुळकर्ण्याच्या दप्तरांत शिरतो. ख्रिस्ती कुटुंबांत त्याचें पाऊल क्वचितच पडतें. कारण या समाजाचें सर्व साहित्य छापील आहे, तेव्हां तेथें हस्तलिखित कोठून असणार, असा समज आहे. हा समज टिकण्याजोगा नाहीं. जेथें भजनी मंडळी तेथें वही असते. छापील गीतसंग्रह उपासनेंत राहतो. घरच्या व गल्लींतल्या भजनासाठीं माणूस आपल्या आवडीचीं पदें हातानें उतरून घेतो. ख्रिस्तपुराणाच्या नशिबीं जें आलें तें येथेंहि येऊं शकतें, म्हणजे छापील प्रत जाईल व वही उरेल. किंवा त्याहून वाईट, वहीहि रद्दींत जाईल.

अशी वही हातीं आली तर तींत काय पाहावें? प्रथम पदाच्या डोक्यावरील 'चाल' पाहावी. मराठी पदसंग्रहांत पदावर ओळखीच्या दुसऱ्या गाण्याचें नांव चाल म्हणून देण्याची वहिवाट आहे. ही ओळ काळनिर्णयास मोठी उपयोगी पडते. मराठी रंगभूमीचा आरंभ याच भागांत, सांगलीस, विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'नें १८४३ मध्यें झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० मध्यें व 'सौभद्र' १८८२ मध्यें रंगभूमीवर आलें. एखाद्या ख्रिस्ती पदाची चाल 'सौभद्रां'तील पदावरून दिली असेल, तर तें पद अथवा निदान त्याची ती चाल १८८२ च्या अलीकडची, हें निर्विवाद. उलट चाल एखाद्या जुन्या अभंगाची असेल तर त्यावरून काळ निघत नाहीं, पण मंडळीच्या कानाची घडण समजते. नाटकी चाली अधिक कीं वारकरी चाली अधिक, हें मोजलें तर ती मंडळी शहराकडे झुकलेली होती कीं खेड्याकडे, याचाहि अंदाज करतां येईल.

दुसरें, नाममुद्रा पाहावी. येथें एक धोका आहे, तो जाणत्यांसहि फसवील. टिळकांच्या अभंगांतील मुद्रा 'दास' अशी आहे. समर्थ रामदासांच्या रचनेंतहि 'दास' ही मुद्रा येते. सज्जनगड व चाफळ हीं रामदासी संप्रदायाचीं मुख्य ठिकाणें साताऱ्याच्या बाजूचीं. टिळकांचीं अखेरचीं वर्षेंहि साताऱ्याचीं. तेव्हां या प्रदेशांतील एखाद्या सुट्या पानावर 'दास म्हणे' असा शेवट असलेला, कोणत्याहि देवतेचें नांव नसलेला अभंग सांपडला, तर केवळ मुद्रेवरून तो रामदासी बाडांत घालूं नये, आणि केवळ कागद नवा म्हणून ख्रिस्तीहि ठरवूं नये. भाषा, आशय आणि त्याच पानावरील शेजारचीं पदें यांचा एकत्र विचार करूनच निर्णय द्यावा.

तिसरें, पाठभेद पाहावे. छापील पदांत आणि वहींतील पदांत जेथें फरक असेल तेथें वहीचा पाठ चुकीचा म्हणून सोडून देऊं नये. तोंडीं गातांना शब्द झिजतो तो बहुधा गाणाऱ्यांच्या जिभेस सोईचा होऊन झिजतो. पुस्तकी संस्कृत शब्दाच्या जागीं बोलीचा शब्द येणें, एखादें ध्रुवपद लांबणें, एखादें कडवें गळणें, या सर्वांवरून मंडळीनें तें पद कसें आपलेंसें केलें हें कळतें. कवीचें पद कोणतें याचा शोध जितका महत्त्वाचा, तितकाच मंडळीचें पद कोणतें याचाहि.

चवथें, वहीच्या मालकाकडून तीं पदें म्हणवून घ्यावींत. आज ध्वनिमुद्रणाचें साधन जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत आहे. वहींत चालीचें नांव असतें, चाल नसते. ती गाणाऱ्याच्या गळ्यांत असते, आणि त्याच्याबरोबर जाते. शक्य असेल तर एकट्याकडून न म्हणवितां चौघांना बसवून म्हणवावें. कारण ध्रुवपद कोठें उचलावयाचें, कोठें टाळ्या धरावयाच्या, कोठें गति वाढवावयाची, हें एकट्याच्या गाण्यांत कळत नाहीं.

मिशनांचे वार्षिक अहवाल, मिशनऱ्यांचीं पत्रें आणि १८४२ पासूनच्या 'ज्ञानोदया'चीं पानें यांचा उपयोग मोठा आहे, यांत शंका नाहीं. परंतु अहवाल लिहिणारा किती जमले, किती बाप्तिस्मे झाले, किती पैसे आले, हें सांगतो. नवजीवन आलें कीं नाहीं, हें तोहि सांगूं पाहतो. पण तें त्यानें बाहेरून पाहिलेलें असतें. गोमंतकांत पुराण मिळालें तेव्हां, अहमदनगरांत कीर्तन उभें राहिलें तेव्हां, केडगांवीं सर्वजणी एकदम बोलूं लागल्या तेव्हां आणि साताऱ्यास दरबार बसला तेव्हां, चारहि ठिकाणीं एकच गोष्ट घडली. जें एकाच्या तोंडीं होतें तें सर्वांच्या तोंडीं आलें. या घटनेची साक्ष देणारा कागद म्हणजे गाणाऱ्याची वही होय.

मिरज ते पंढरपूर या पट्ट्यांत हिंडणाऱ्या संग्राहकानें म्हणून कवठे महांकाळ, सांगली, मिरज आणि साताऱ्याकडील खेडींपाडीं येथें पोथ्यांची चौकशी करतांना भजनाच्या वह्यांचीहि चौकशी करावी, आणि ती करतांना कोणाच्या घरावर क्रूस आहे व कोणाच्या दारीं तुळस आहे हें पाहूं नये. दोन्ही घरांतल्या वह्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या, तरच या मुलखाचा कान एक होता कीं दोन होते, याचा निकाल लागेल.